बारा बरोबर शून्य

‘एका कंपनीत प्रशिक्षणार्थी आणि कायम कर्मचारी यांचं गुणोत्तर ३:७ होतं. १२ नवे प्रशिक्षणार्थी आले आणि गुणोत्तर ३:५ झालं. तर आता एकूण माणसं किती?’

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा; नौपाड्यातल्या तिच्या संध्याकाळच्या बॅचला मी हे गणित घातलं. ऐरोलीला आयटीत असलेली एक मुलगी ऑफिसमधून थेट वर्गाला येते. इंजिनिअर आहे, बीजगणितात पक्की. तिने वही माझ्यापुढे सरकवली. “मॅडम, प्रश्नच चुकलाय. बारा बरोबर शून्य येतंय.”

वहीत होतं: ३क्ष + १२ = ३क्ष.

मी ते समीकरण तसंच फळ्यावर उतरवलं. त्यात गुणोत्तराचं सगळं मर्म होतं. ३:७ मधला तीन आणि ३:५ मधला तीन दिसायला सारखेच, म्हणून दोन्हींना तिने एकच क्ष दिला होता. पण गुणोत्तर माणसं मोजत नाही, वाटे मोजतं, आणि वाटा केवढा ते सांगत नाही. नवी माणसं आली की वाट्याचं मापच बदलतं.

“मग धरायचं काय?” तिने विचारलं.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “कायम कर्मचारी. ते हललेच नाहीत.” बोलणारा मुलगा वागळे इस्टेटमध्ये स्टोअर सांभाळतो, वर्गात सहसा गप्प असतो. मी खडू त्याच्या हातात दिला.

त्याने ७ आणि ५ यांचा लसावि काढला, ३५. दोन्ही गुणोत्तरं त्या मापात बसवली: १५:३५ आणि २१:३५. पंधराचे एकवीस झाले, म्हणजे सहा वाटे वाढले. ते सहा वाटे म्हणजेच १२ माणसं. एक वाटा दोनाचा. कर्मचारी ७०, प्रशिक्षणार्थी आधी ३०, आता ४२. एकूण ११२. घाईत असलेला उमेदवार १०० वर खूण करून पुढे जातो, आणि पर्यायांत १०० असतोच.

जीमॅटच्या क्वांट, म्हणजे गणिताच्या विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. समीकरणानेही हे सुटतं, (३क्ष + १२) भागिले ७क्ष बरोबर ३/५, क्ष दहा. पण न बदललेली राशी आधी शोधली की आकडेमोड तोंडी होते, आणि मुख्य म्हणजे आपण काय करतोय ते कळतं. मुलांना मी सूत्रं पाठ करू देत नाही ती यासाठीच.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, नवे कोणी आलेच नाहीत, प्रशिक्षणार्थ्यांपैकीच दहा जणांना कायम केलं तर? तेव्हा तर दोन्ही बाजू हलतील.”

हा प्रश्न मी पुढच्या तासाला घेणार होते! मी म्हटलं, “गुणोत्तर १:४ झालं असं समज आणि सोडव.”

तिने आधी ३:७ लिहिलं. बेरीज दहा. १:४ ची बेरीज पाच, म्हणून दुप्पट करून २:८. “एकूण माणसं तेवढीच राहिली,” ती स्वतःशीच म्हणाली. “एक वाटा इकडून तिकडे गेला. वाटा दहाचा. शंभर माणसं.”

“आणि वयाच्या गणितात, मॅडम?” स्टोअरवाल्याने विचारलं. “तिथे तर दोघांचीही वयं वाढतात.”

मी उत्तर द्यायच्या आत तीच मागे वळून म्हणाली, “वजाबाकी, दादा. वयातला फरक.”