५०८ आला? प्लॅन नंतर, आधी आलेख बघा

साइटवर ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ दिसलं की लगेच मोठा होस्टिंग प्लॅन घेऊ नका. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये) ‘रिसोर्स युसेज’ उघडा आणि नेमकी कोणती मर्यादा भरली ते बघा. सर्व्हरवर क्लाउडलिनक्स (प्रत्येक खात्याला मर्यादा घालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर लक्षणांवरूनही ओळखता येतं. सीपीयू किंवा आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) संपलं तर एरर येत नाही, साइट नुसती रांगते. मेमरी संपली की ५०० किंवा ५०३ येतो. ५०८ येतो तो एंट्री प्रोसेस, म्हणजे ईपी, भरल्यावर.

ईपी म्हणजे दिवसाचे व्हिजिटर नव्हेत, तर एकाच क्षणी चालू असलेल्या पीएचपी (पान तयार करणारा कोड) विनंत्या. नेहमीच्या फोटो-सीएसएसच्या फाइल्स त्यात धरत नाहीत. क्लाउडलिनक्समध्ये ईपीची मूळ मर्यादा २०. पान तयार व्हायला २ सेकंद लागत असतील तर सेकंदाला १० विनंत्या निघतात, ०.२ सेकंद लागले तर १००. म्हणून खरा गुन्हेगार बरेचदा सीपीयूच असतो. तो अडला की पानं रेंगाळतात, ईपी तुंबतात, आणि नाव मात्र ईपीचं खराब होतं. आलेखात ५०८ च्या आधीच सीपीयूची रेघ छताला टेकलेली दिसेल.

वर्डप्रेस असेल तर पेज कॅश (तयार पान साठवून तेच पुन्हा देणारी सोय) लावाच. तयार एचटीएमएल थेट एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) मधल्या नियमांनी देणारा प्रकार निवडा. नाहीतर कॅश असूनही दर वेळी पीएचपी जागं होतं. मग रॉ अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) उतरवून एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपना वर्डप्रेसशी बोलू देणारी सोय) आणि लॉगिनच्या फाइलवर किती पोस्ट विनंत्या आल्यात ते मोजा. जेटपॅक किंवा मोबाइल अ‍ॅप वापरत नसाल तर एक्सएमएल-आरपीसी सरळ बंद करा.

वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) लोकांच्या भेटींवर चालतं आणि त्यासाठी वेगळी पीएचपी विनंती सुटते. ते कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून बंद करा, पण ती ओळ तिथल्या ‘स्टॉप एडिटिंग’ या ओळीच्या वर हवी, फाइलच्या तळाशी टाकली तर उपयोग शून्य. बंद केल्यावर सीपॅनेलमधून खरं क्रॉन लावायला विसरलात तर शेड्यूल केलेल्या पोस्ट लटकतात. १५ मिनिटांचं अंतर पुरे. मिनिटं ७, २२, ३७, ५२ अशी आडवीतिडवी द्या. ०, १५, ३०, ४५ ला शेजारच्या खात्यांचीही क्रॉनं उठण्याची शक्यता जास्त.

डिस्कवर जागा असूनही अपलोड होत नसेल तर इनोड (फाइल-फोल्डरांची संख्या) बघा. तिथे आकार नाही, नग मोजतात: साठवलेला प्रत्येक मेल साधारण एक फाइल, कॅशचं प्रत्येक पान निदान एक. जुना ट्रॅश आणि स्पॅम फोल्डर रिकामे केले तरी कधीकधी हजारो नग सुटतात.