फ्लॅटची एक चौकशी आणि नंबर परत मिळवण्याची खटपट

पुण्यात टू बीएचके शोधताना एका साइटवर 'किंमत पाहा' दाबून नंबर दिला. तासाभरात चार चॅनल पार्टनरचे, म्हणजे बिल्डरांचे फ्लॅट विकून देणाऱ्या दलालांचे फोन. नंबर आधीपासून डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशा यादीत होता, पण बटणाखाली बारीक अक्षरांत एक चौकोन आधीच टिक केलेला: 'डीएनडीत नोंद असली तरी संपर्क करायला माझी संमती आहे.' अशा संमतीपुढे डीएनडी लंगडं पडतं. म्हणून सुरुवात १९०९ या डीएनडीच्या तक्रार क्रमांकापासून नाही, साइटपासून केली.

गोपनीयता धोरणाच्या पानावर अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहिलं, नाहीतर ओळख पटवण्यात आठवडा जातो. मजकूर चार ओळींचा: नंबर, चौकशीची तारीख, संमती मागे घेत आहे, लीड, म्हणजे माझ्या चौकशीची माहिती, कोणाकोणाला दिली ते कळवा आणि नोंद पुसा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हा हक्क आहे. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि ही कलमं लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत. तोवर कायद्याचा धाक घालण्यापेक्षा चिकाटी बरी.

पुसलं तरी गेलेली लीड चॅनल पार्टनरच्या एक्सेलमध्ये राहतेच. दहा आकडी साध्या मोबाइलवरून फोन आला की मी महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा, एजंट नोंदणी क्रमांक विचारतो. बरेच जण तिथेच फोन ठेवतात! उरलेल्यांची तक्रार १९०९ वर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपवर. फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि बोलणं काय झालं, हे तिन्ही हवं, तेही ७ दिवसांच्या आत. 'सारखे फोन येतात' एवढंच लिहिलं तर तक्रार बाद होते.

मेसेजचं सोपं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' सेवा, 'टी' व्यवहार, 'जी' सरकारी. मधली अक्षरं ट्रायच्या हेडर पोर्टलवर टाकली की ती कोणत्या कंपनीच्या नावावर आहेत ते दिसतं.

ट्रूकॉलरमधून नाव काढताना क्रम महत्त्वाचा: आधी ॲपमधलं खातं निष्क्रिय करायचं, मग त्यांच्या अनलिस्ट पानावर +९१ लावून नंबर द्यायचा. खातं चालू असेल तर नंबर निघत नाही. नुसतं ॲप डिलीट करून खातं बंद होत नाही, बहुतेकांचं इथेच अडतं.

नव्या चौकशीला आता दुसरं सिम.