‘जर्मनची लढाई’ नेमकी कितवी?

कॅसेटवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘रझाकाराच्या ओव्या’. साठ मिनिटांची, धाराशिव जिल्ह्यातली. जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या धंद्यात वरच्या नावावर विश्वास ठेवायचा नसतो, इथं तर निम्मंच खरं निघालं.

पट्टी हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा आधीच गळालेला होता. त्याचा गोंद वाळतो. तसंच वाजवलं तर ‘स’, ‘श’ बुजून जातात. पाच स्क्रू काढून पट्टी चांगल्या खोक्यात घातली, पुढे-मागे एकेकदा पूर्ण फिरवली, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत, आवाज लख्ख होईल तिथं थांबलो. हे प्रत्येक कॅसेटला नव्यानं करावं लागतं, कारण मूळ रेकॉर्डरचं हेड कसं बसवलेलं होतं ते कुणाला माहीत! बरेच जण ही खटपट टाळून सॉफ्टवेअरनं खरखर घासून काढतात. त्यात म्हणणारीचा श्वास आणि जात्याची घरघरही जाते.

दुसऱ्या बाजूला आवाज चिरका होत गेला. म्हणजे रेकॉर्ड करताना सेल उतरत होते. तेव्हा पट्टी मंद सरकली, आता नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. विजेवर रेकॉर्ड झालं असतं तर 50 हर्ट्झची गुणगुण धरून वेग लावता आला असता. इथं प्रश्न विचारणाऱ्याचा सुरुवातीचा आवाज प्रमाण धरून टप्प्याटप्प्यानं वेग उतरवला. मग शब्द कळले.

निजामाच्या बाजूचे रझाकार होते, पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई होती. मधे मात्र ‘जर्मनच्या लढाई’च्या ओव्या, भाऊ इराकातल्या बसऱ्याला गेलेला. निजामाच्या मुलखातल्या जात्यावर बसरा कुठून? बाईंचं माहेर बार्शीकडचं. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, भोवती निजामाची हद्द. एवढं सुटलं, पण लढाई कितवी, पहिलं महायुद्ध की दुसरं? बसरा 1914च्या नोव्हेंबरात हिंदी फौजेनं घेतलं आणि 1941च्या एप्रिलात हिंदी फौज पुन्हा तिथंच उतरली. पुढच्या ओवीत कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, धान्य येतं, म्हणजे दुसरी म्हणावं. पण आईची ओवी लेक आपल्या काळाचे शब्द घालून म्हणते. भाऊ पहिल्या लढाईतला आणि कंट्रोल दुसरीतलं, असंही असू शकतं.

ज्या संस्थेचं काम, तिच्या नोंदपत्रकात युद्धाचं नाव एक आणि वर्ष एकच भरता येतं. नावं निवडायच्या यादीत ‘ऑपरेशन पोलो’ आहे, ‘पोलीस ॲक्शन’ नाही! 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांना गावात ऑपरेशन पोलो म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. सरकारी फलकावर मुक्तिसंग्राम असतो. आणि पोलीस ॲक्शन म्हटलं की मराठवाड्यातल्या कित्येक मुसलमान घरांत त्यानंतरची कत्तल आठवते. ती भारत सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. सप्टेंबर आला की ‘मुक्तिसंग्रामाची जोशपूर्ण गाणी’ हवीत म्हणून फोन येतात. जात्यावरची ओवी पाठवली की पुन्हा फोन येत नाही.

बसऱ्याच्या ओव्यांना दोन्ही महायुद्धांची वर्षं टाकली तर पत्रक जतनच होत नाही. म्हणून बाईंनी म्हटलेलं नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकल्या हे शेऱ्यात लिहिलं, वर्ष कोरं ठेवलं. पत्रक परत आलंय: ‘वर्ष भरा.’