मागून आणलेली जोडी आणि फ्रान्सचे बारा पेअर

यंदा पोळ्याला आमच्या घराची मानाची जोडी शेजाऱ्याकडून मागून आणली. आमच्या दावणीला आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. खांदेमळणी त्यांच्याच दारात झाली, "आज आवतण, उद्या जेवायला या" हेही त्यांनीच म्हटलं. वेशीतल्या तोरणाखालून मात्र पहिली जोडी आमच्या नावानं गेली. काका म्हणाले, "बैल त्यांचे, मान आपला."

त्या आठवड्यात मी रात्री फ्रान्सच्या पेअरांविषयी वाचत होतो. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या वेशीत उभं राहून मला फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक जिथं व्हायचा ते रॅंस शहरातलं कॅथेड्रल आठवत होतं.

पेअर म्हणजे बरोबरीचा. राजाच्या खाली, पण आपसात समान असे हे मूळचे १२ जण: सहा धर्मगुरू आणि सहा सरदार. सरदारांत बर्गंडी, नॉर्मंडी आणि आक्विटेनचे ड्यूक, फ्लँडर्स, शाँपेन आणि तुलूझचे काउंट. राज्याभिषेकात प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असे. बर्गंडीच्या ड्यूकनं मुकुट हाती धरायचा, फ्लँडर्सच्या काउंटनं तलवार. आपल्या जत्रेत पालखी कुणी उचलायची, अब्दागिरी कुणी धरायची हे ठरलेलं असतं, तसंच.

पुढे राजानं एकेक प्रांत गिळला. १२०४ मध्ये नॉर्मंडी गेली, १२७१ मध्ये तुलूझ. फ्लँडर्स तर फ्रान्सच्या राजाच्या हातूनच निसटलं. सरदार उरले नाहीत, पण त्यांच्या जागा कुणी पुसल्या नाहीत. १७७५ साली सोळाव्या लुईचा राज्याभिषेक झाला तेव्हा त्याचा एक भाऊ बर्गंडीचा ड्यूक म्हणून उभा राहिला, दुसरा नॉर्मंडीचा म्हणून. मुलूख नाही, धनी नाही. त्या नावानं दुसराच कुणी उभा. आमची जोडीही तशीच.

१२९७ पासून राजे नवे पेअरही करू लागले. मी तहसिलात तीस वर्षं इनामाच्या फायली पाहिल्या, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला. ही पदवी जमिनीला जोडलेली असे. राजाची सनद निघाली तरी पॅरिसच्या पार्लमांच्या दप्तरात नोंद होईपर्यंत तिला पूर्ण बळ येत नसे. पार्लमां म्हणजे संसद नव्हे, न्यायालय. आमच्याकडेही माणसं मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकाळातला दाखला, छातीशी धरून यायची आणि पहिला प्रश्न असायचा तो नोंदीचा.

त्याच पार्लमांचा अध्यक्ष पेअरांचं मत विचारताना डोक्यावरची टोपी काढत नाही, यावरून मोठा वाद पेटला. स्वतः पेअर असलेल्या ड्यूक द सॅं-सिमाॅंनं आपल्या आठवणींत त्यावर पानंच्या पानं लिहिली. लोक याला हसतात. मला हसू येत नाही. पहिली जोडी कुणाची यावरून दोन भावक्या वर्षानुवर्षं एकमेकींच्या लग्नात जेवलेल्या नाहीत, हे मी पाहिलंय.

१९ जून १७९० रोजी क्रांतीच्या सभेनं वंशपरंपरेचं सरदारपण रद्द केलं. १८१४ मध्ये पेअर परतले ते सभागृहाचे सदस्य म्हणून. १८३१ मध्ये पदाचा वारसा गेला, १८४८ मध्ये सभागृहही. आपल्या मराठवाड्यातल्या जहागिऱ्या १९४९ साली संपल्या.

मान कामाला असतो, असं मला मनापासून वाटतं. जो वैरण घालतो, शेण काढतो, खांदा मळतो, त्याची जोडी पुढे जावी. मी काकांना तसं स्पष्ट म्हटलं, "पुढच्या साली पहिली जोडी त्यांच्या नावानं जाऊ द्या."

काका काही बोलले नाहीत. पुरणपोळीचं ताट मात्र त्यांनी स्वतः उचललं आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात नेलं.