क्रिएटिनिन वाढले म्हणून प्रथिने तोडू नयेत
मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अहवाल हाती आला की माझी नजर आधी क्रिएटिनिनवर जाते, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक प्रत्यारोपित रुग्णांचेही तसेच होते. त्यांपैकी काही जण तो आकडा जरासा वाढताच स्वतःच्या मनाने आहारातील प्रथिने कमी करतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातील त्याची पातळी मूत्रपिंडाच्या कामाबरोबरच स्नायूंच्या प्रमाणावरही ठरते. दीर्घ आजाराने किंवा स्टेरॉइडने ज्याचे स्नायू झिजले आहेत, त्याचा १.१ (मिग्रॅ/डेसिलिटर) हा आकडा दिसायला उत्तम असला तरी त्यामागचे मूत्रपिंड तितके उत्तम असेलच असे नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेल्या ईजीएफआरमध्येही (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेच्या अंदाजी आकड्यातही) हाच दोष उतरतो. उलट, संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्साझोलमधील ट्रायमेथोप्रिममुळे मूत्रपिंडाची गाळणक्षमता तशीच राहूनही क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची मात्रा जास्त झाली तर मात्र मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आकुंचन पावतात आणि गाळणक्षमता खरोखरच घटते. वाढीची कारणे इतकी निराळी असताना दोष ताटाला देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रथिनांशी थेट नाते आहे ते युरियाचे, कारण प्रथिनांच्या विघटनातून यकृत तो तयार करते. पाणी कमी पडले किंवा स्टेरॉइडची मात्रा जास्त असली तरीही तो चढतो. (काही प्रयोगशाळा युरिया देतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजन; बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. दोन ठिकाणच्या अहवालांची तुलना करताना हे पाहिले नाही, तर उगाच घाबरगुंडी उडते.)

शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत जखम भरून येत असते आणि स्टेरॉइड स्नायू झिजवत असते, म्हणून त्या काळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. प्रकृती स्थिरावल्यावर हे प्रमाण ०.८ ते १ ग्रॅमच्या आसपास आणतात. म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी सुमारे ४८ ते ६० ग्रॅम. त्याहून फार खाली गेल्यास स्नायू घटतात, आणि मग क्रिएटिनिन उतरल्याचे फसवे समाधान मिळते. लघवीतून प्रथिन जात असेल, तर आहाराचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

तपासणीच्या आदल्या दिवशी भरपूर मांसाहार आणि जड व्यायाम टाळावा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे आणि टॅक्रोलिमसची सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी. आकडा आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे वर गेला असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.