भिंतीला हात लावू नये

दुपारी एका नव्या संग्रहालयाच्या जिन्यात उभी होते. सोबतची मंडळी वरच्या मजल्यावर चित्रं बघायला गेली होती आणि मी जिन्यालगतच्या काँक्रीटच्या भिंतीत एक गाठ बघत होते. लाकडाची गाठ. फांदी फुटते तिथे खोडात पडते ती, भोवतीनं वळसा घेत गेलेल्या रेषांसकट. सेंटरिंगसाठी ठोकलेल्या फळीत ती असणार. ओलं काँक्रीट तिच्यावर टेकलं, सुकलं, फळी निघून गेली आणि गाठ इथे राहिली. मी अर्थातच हात लावला.

हात लावल्याशिवाय मला इमारत बघितल्यासारखं वाटतच नाही. पहारेकरी लगेच खाकरतो. खरं तर त्याला चित्रांसाठी खाकरायला ठेवलेलं असतं, भिंतींसाठी नाही. पण भिंतीला हात लावणारं माणूस पुढे चित्रालाही लावेल, हा त्याचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

लहानपणी आमच्या घरात हा पहिला कायदा होता. भिंती चुन्याच्या. टेकलं की पाठ पांढरी, हात फिरवला की तळवा पांढरा, आणि तो तळवा पुढे कुठे कुठे पुसला यावरून आईला माझा दिवसभराचा प्रवास कळायचा. खिडकीखाली एके ठिकाणी पोपडा सुटला होता. दुपारी सगळे झोपले की मी तो नखानं सोडवायची. पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, त्याखाली मळकट गुलाबी. गुलाबी खोलीत कोण राहत असेल, याचा मी फार विचार करायची. आमच्या आधीची ती माणसं माझ्या डोक्यात चांगली नांदत होती. त्यांना एक मुलगीही होती. मग गिलावा लागला, वाळू झरायला लागली, आणि एक दिवस बघते तर तिथे कॅलेंडर टांगलेलं. एवढ्या खाली कॅलेंडर कोण टांगतं? आई काही बोलली नाही.

आधुनिक इमारतींनी पोपडा ही चीजच काढून टाकली. रंगच नाही, तर पोपडा कशाचा धरणार? लंडनमध्ये डेनिस लास्डन यांनी बांधलेलं नॅशनल थिएटर १९७६ साली उघडलं. त्याच्या काँक्रीटवर फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेले आहेत. तेव्हाचे युवराज चार्ल्स यांना ते शहराच्या मधोमध उभारलेलं अणुवीज केंद्र वाटलं होतं. त्यांनी बहुधा लांबून पाहिलं असावं.

अमेरिकन वास्तुकार लुई कान तर याबाबतीत फार हट्टी. कॅलिफोर्नियात समुद्राकाठी त्यांनी पोलिओची लस शोधणाऱ्या जोनास सॉल्क यांच्यासाठी संशोधन संस्था बांधली, १९६५ची. साचे काढल्यावर काँक्रीट ना घासलं, ना रंगवलं. साचे आवळून धरणाऱ्या सळ्यांची भोकंसुद्धा बुजवून लपवली नाहीत. त्यांत शिशाच्या गोळ्या बसवल्या आणि ती दिसू दिली. मधल्या चौकात झाडं लावायचं कानच्या मनात होतं. मेक्सिकोचे वास्तुकार लुईस बारागान आले, त्यांनी सांगितलं, एकही झाड नको. म्हणून तिथे नुसती दगडी फरसबंदी आहे आणि मधून समुद्राकडे जाणारी पाण्याची एक बारीक पट्टी. सावली नाही. मी असते तर एखादं झाड मागितलं असतं, पण मला कोण विचारतंय.

धातूच्या इमारतींचं वेगळं. स्पेनमधल्या बिल्बाओत फ्रँक गेरींनी बांधलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाचा टायटेनियमचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहे. एवढी अवाढव्य इमारत, आणि कातडी ही एवढीच! त्याच गेरींच्या लॉस एंजेलिसमधल्या डिस्ने सभागृहाचे काही पोलादी पत्रे इतके चकचकीत होते की परावर्तित उन्हानं समोरची घरं तापायला लागली. शेवटी २००५ मध्ये ते घासून मंद करावे लागले. आरशासारखी चमक असलेल्या गोष्टींना हात लावायची मला कधीच इच्छा होत नाही, त्यामुळे हे वाचून थोडं बरंच वाटलं.

हात पोचत नाही तिथे पाय आहेत. ऑस्लोच्या ऑपेरा हाउसचं छप्पर पाण्याच्या काठापासून उतरणीनं वर चढत जातं, पांढऱ्या संगमरवराचं, आणि त्यावर कुणीही चालावं म्हणूनच ते बांधलंय. तिकीट नाही, खाकरणं नाही. छपरावर चढणाऱ्या मुलांना खाली बोलावण्यात आयांच्या पिढ्या गेल्या, आणि इथे एका शहरानं चढा म्हणून सांगितलं.

काचेच्या मनोऱ्यांचं मात्र काय करावं ते कळत नाही. काच एकसारखीच लागते, थंड किंवा तापलेली. आपलाच ठसा तिच्यावर उमटतो आणि कुणीतरी येऊन पुसतो. मध्यंतरी अशाच एका मनोऱ्याच्या खाली उभी होते. वर दोराला लटकून एक माणूस एकेक काच पुसत सरकत होता. पलीकडे टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणी त्याच्याकडे मान वर करून बघितलं का, ते खालून दिसत नव्हतं. उन्हाची वेळ होती. आतून कुणाला त्याला पाणी द्यावंसं वाटलं तरी देणार कसं? त्या खिडक्या उघडतच नाहीत.