एका चित्रातला दीड दिवस

ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात पाहुण्यांना चित्रे समजावून सांगणे हे माझे काम आहे आणि इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘ट्रफाल्गरची लढाई’ या चित्रापाशी मी इतर कोणत्याही चित्रापेक्षा जास्त वेळ थांबते. राजा चौथा जॉर्ज याने मागवलेले आणि १८२४ मध्ये पूर्ण झालेले हे चित्र साडेतीन मीटरांहून रुंद असून टर्नरच्या सर्व चित्रांत ते सर्वांत मोठे आहे. त्यापुढे एकदा रत्नागिरीकडचे एक मराठी कुटुंब आले. त्यातले काका व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. बराच वेळ शिडांकडे आणि धुराकडे निरखून पाहिल्यावर त्यांनी मला विचारले, “लॉगबुकात वेळ काय लिहायची, ते सांग बघू.”

असा नेमका प्रश्न मला यापूर्वी कोणी विचारला नव्हता. या लढाईत फ्रेंच-स्पॅनिश आरमाराला हरवणाऱ्या ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन ‘व्हिक्टरी’ या जहाजावर होता. मी त्यांना ‘व्हिक्टरी’च्या डोलकाठीवरचे झेंडे दाखवले. ते आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतातले नसल्याने काकांना वाचता येईनात. ते पॉपहॅम या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या संकेतपद्धतीतले, आणि तिच्यात नेहमीच्या शब्दांना क्रमांक दिलेले होते. मात्र ‘ड्यूटी’ (कर्तव्य) हा शब्द त्या कोशात नसल्यामुळे लढाईच्या दिवशी, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ‘प्रत्येकाने आपले कर्तव्य बजावावे अशी इंग्लंडची अपेक्षा आहे’ या नेल्सनच्या झेंड्यांनी दिलेल्या प्रसिद्ध इशाऱ्यातला तो शेवटचा इंग्रजी शब्द अक्षराअक्षराने, म्हणजे ४, २१, १९ आणि २४ अशा आकड्यांनी उभारावा लागला. काकांनी ते आकडे पुटपुटत पुन्हा म्हटले. हा इशारा दुपारी बाराच्या थोडा आधी दिला गेला, मग चित्रातली वेळ तीच धरायची का? पण त्याच जहाजाची डोलकाठी कोसळताना दिसते, ती घटना एकच्या सुमाराची. मागे पेटलेले फ्रेंच जहाज ‘आशील’ संध्याकाळकडचे. आणि पुढच्या भागात बुडत चाललेले दुसरे फ्रेंच जहाज ‘रदूताब्ल’ तर प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, वादळात बुडाले.

“म्हणजे वेळ लिहिताच येणार नाही,” काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार होती. ती मला रास्त वाटली, कारण दरबारातल्या नौदलवाल्यांनीही याच चित्रावर भरपूर आक्षेप घेतले होते. त्यांच्या सूचनांपायी टर्नरला राजवाड्यात उभे राहून दोरखंड आणि शिडे पुन्हा पुन्हा बदलावी लागली. जहाजाचा आराखडा आणि रेखाटने त्याने आधीच मिळवली होती. तेव्हा बारकावे त्याला ठाऊक नव्हते, असे मानणे मला पटत नाही.

काका मात्र तोवर वाकून चित्राचा तळाचा भाग पाहू लागले होते. तिथे माणसांनी खच्चून भरलेली होडी आहे आणि पाण्यात तरंगणाऱ्या लाकूडसामानाला धरून राहिलेली माणसे आहेत. विजयाच्या चित्रात सर्वांत जवळची जागा टर्नरने त्यांना दिली. “लढाईच्या दिवशी वारा कसा होता?” त्यांनी विचारले. वारा अगदी मंद होता, पण पश्चिमेकडून लांब, जड लाटा येत होत्या, असे मी सांगितले. ते लगेच म्हणाले, “मग वादळ येणार हे सगळ्यांना कळलं असणार. हातात तोफेची दोरी धरलेल्यालासुद्धा.” समुद्रावर वावरलेल्या माणसाचे हे वाचन होते आणि त्यामुळे चित्रातला दुसरा दिवस मला पहिल्यांदाच पहिल्या दिवसाच्या पोटातून निघालेला दिसला.

१८२९ मध्ये हे चित्र ग्रीनिचच्या इस्पितळाला दिले गेले, जिथे निवृत्त खलाशी राहत असत. तिथल्या म्हाताऱ्यांनाही ते आवडले नव्हते, हे ऐकून काका समाधानाने हसले, पण लगेच म्हणाले, “आवडायचं नाहीच. होडीत आपण असू, तर भिंतीवर ते कोण बघेल?”

आता या चित्रापुढे मी सुरुवात नेल्सनच्या इशाऱ्याने करत नाही. आधी होडी दाखवते, मग लाटा, आणि झेंड्यांकडे नजर सर्वांत शेवटी वळवते.